मठाचे संग्रहालय : जुन्या गोव्यातील एक उदाहरण

जुन्या गोव्यातील असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चचा आरंभ फ्रान्सिस्कन साधूंनी १५१७ मध्ये केला. १६६१ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. तथापि पूर्वीचे प्रवेशद्वार तसेच राखण्यात आले. १८३५ मध्ये गोव्यातील धर्मसंघ बरखास्त होऊन लगतच्या मठातील साधूंचे वास्तव्य संपले. पोर्तुगीज सत्तेच्या अस्तानंतर, १९६४ मध्ये, या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय स्थापन झाले. तेथे पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या चित्रांसमवेत कदंबकालीन वीरगळही आहेत. ‘वीरगळ’ हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’पासून आला, हे येथे ध्यानी घ्यावे, कारण गोमंतकाचा पूर्वेतिहास या शब्दातही साठलेला आहे. ज्या सत्तेने सोळाव्या शतकात देवळे पाडली, तिच्याच आश्रयाने उभ्या राहिलेल्या मठात आज त्या पूर्वकाळाचे पाषाण जतन होत आहेत. वास्तूचा उपयोग पालटला. तिची साक्ष मात्र अधिक व्यापक झाली.