लिडार : लेसर दूरसंवेदन व पर्यावरण-निरीक्षण

लेसर प्रकाशाचा अल्पकालीन झोत, म्हणजे स्पंद, लक्ष्याकडे सोडून तेथून परतणाऱ्या क्षीण प्रकाशावरून लक्ष्याचे अंतर व गुणधर्म ठरविण्याच्या तंत्रास लिडार म्हणतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किमी. असल्याने जाण्यायेण्यास लागलेल्या प्रत्येक मायक्रोसेकंदामागे लक्ष्य १५० मी. दूर आहे, असे धरले जाते. रडारचे तत्त्वही हेच आहे. परंतु प्रकाशाची तरंगलांबी रेडिओतरंगांहून पुष्कळ कमी असल्याने रडारला न दिसणारे धूळ व धुराचे सूक्ष्म कण (वायुकलिले) लिडारला टिपता येतात. उपग्रहाच्या छायाचित्रात धुरकटपणा दिसला, तरी तो जमिनीलगत आहे की दोन किमी. उंचीवर, हे त्यावरून सहसा कळत नाही. लिडारचे खरे मोल उंचीच्या या मापनात आहे.

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर घडविला आणि तीनच वर्षांत फिओको व स्मलिन यांनी लेसरच्या साहाय्याने वरच्या वातावरणातून परतणारा प्रकाश नोंदविला. महाराष्ट्रात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत पी. सी. एस. देवरा व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आर्गॉन आयन लेसरवर आधारलेला लिडार उभारला. या लेसरचा हिरवा किरण स्पंदांत न येता अखंड येत असल्याने वेळेवरून अंतर काढणे शक्य नव्हते. म्हणून किरण सरळ वर सोडून काही अंतरावर ठेवलेली दुर्बीण निरनिराळ्या कोनांत वळविली जाई आणि त्या कोनावरून प्रकाश किती उंचीवरून विखुरला गेला हे काढले जाई. रात्रीच्या निरभ्र आकाशात घेतलेल्या या नोंदी वर्षानुवर्षे चालू राहिल्या, आणि त्यांचे महत्त्व उपकरणाच्या नावीन्यापेक्षा या सातत्यात अधिक आहे.

मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरच्या दृष्टीने, पैठणचा नाथसागर जलाशय हे लिडारचे स्वाभाविक क्षेत्र ठरते. २०१८ मध्ये सोडलेल्या आइससॅट-२ या उपग्रहावरील लेसर सेकंदाला सुमारे १० हजार स्पंद सोडतो; त्याचा मार्ग जलाशयावरून जात असल्यास पाण्याच्या पृष्ठभागाची उंची मोजता येते. मात्र तोच मार्ग पुन्हा ९१ दिवसांनी येतो, म्हणून धरणावरील रोजच्या पातळीनोंदीची जागा तो घेऊ शकत नाही. गढूळ पाण्यात प्रकाश खोल शिरत नसल्याने बुडालेल्या तळावरील गाळ मोजणेही कठीण जाते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला तळ मात्र विमानातील लिडारने बारकाईने मोजता येतो आणि उथळ, पसरट नाथसागरात असा भाग मोठा असतो. जलाशयाप्रमाणे जंगलातही लिडार उपयोगी पडतो; गौताळा-औट्रमघाट अभयारण्यासारख्या पानझडी जंगलात परत येणाऱ्या प्रकाशावरून झाडोऱ्याची उंची ठरविता येते. पण पानगळीनंतर बराचसा प्रकाश थेट जमिनीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे दोन वर्षांची तुलना एकाच ऋतूतील नोंदींवरूनच करावी लागते.

दाट ढगांत व पावसात लेसर किरण लवकर क्षीण होतो. ढगाच्या तळाची उंची मिळते, अंतर्भाग मिळत नाही. त्यामुळे २०१५ व २०१९ मध्ये छत्रपती संभाजीनगरातून झालेल्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगांत ढगांचा वेध घेण्यासाठी रडारवर भिस्त ठेवणे योग्यच होते. लिडारचा मराठवाड्याला अधिक उपयोग हिवाळा व उन्हाळ्यातील निरभ्र दिवसांत, धुळीचे थर आणि आटलेले जलाशय मोजण्यासाठी आहे.