स्टिरिओ फिल्टर (मॉड्युलर सिंथेसायझर)

ध्वनीतील निवडक कंप्रता घटवणारे किंवा उठावदार करणारे, डाव्या व उजव्या वाहिनीचे स्वतंत्र मंडल असलेले मॉड्युल. सिंथेसायझर-निर्माते रॉबर्ट मूग यांच्या लॅडर फिल्टरला 1969 मध्ये पेटंट मिळाले. त्याचा मार्ग एकेरी (मोनो) होता. स्टिरिओ फिल्टरमध्ये मात्र दोन्ही बाजूंच्या छेद-कंप्रता (कटऑफ) नियंत्रक व्होल्टतेने एकत्र सरकवता येतात किंवा एकमेकींपासून दूर नेता येतात. खरी मौज या दुसऱ्या प्रकारात आहे: मोनो स्वरही त्यामुळे रुंदावतो, दोन कानांमध्ये फिरू लागतो. अमेरिकेतील ‘मेक नॉइज’ कंपनीच्या ‘क्यूपास’मध्ये चार ॲनालॉग गाभे असून ‘रेडिएट’ नियंत्रणाने त्यांची अनुनाद-शिखरे विलग होतात. हा परिणाम हेडफोनवर सर्वांत स्पष्ट कळतो.