बधिर पायांची गोष्ट

आमच्या पिंगळी स्टेशनावरून रूळ पूर्णा, नांदेड करत निजामाबादकडे जातात. माझ्या लहानपणी त्यांवरून मीटरगेजची गाडी धावायची. निजामाबादच्या पुढे डिचपल्ली हे छोटेसे स्टेशन. तिथे 1915 साली इझाबेल कर या स्कॉटिश डॉक्टरीणबाईंनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उघडला. आपला परभणी जिल्हाही तेव्हा निजामाच्याच मुलखात होता. गल्लीतले एक चाचा तरुणपणी याच गाडीने तिकडे गेले. रोग बरा करून आले. पाय मात्र कायमचे बधिर राहिले.

मशिदीच्या हौदावर वजू करताना ते शेवटी पाय धुवायचे, तेव्हा टाचेची जखम दिसायची. लोक म्हणायचे, पाय सडतोय. मलाही तेच खरे वाटे.

ते खरे नव्हते. 1946 साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की रोगाने बोटे झडत नाहीत. रोग वेदना नेतो. चपलेत खडा राहिला, निखाऱ्यावर पाय पडला, तरी माणूस चालतच राहतो. रात्री उंदीर बोटे कुरतडत आणि झोपलेल्याला पत्ता नसे. म्हणून तिथे रुग्णांना मांजरी पाळायला दिल्या! दुखणे ही केवढी नेमत आहे, हे आम्हा कवींना कधी सुचले नाही.

आपल्याकडे मनोहर दिवाणांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करत. पुढे तपोवन, आनंदवन उभे राहिले. मऊ रबराची एमसीआर चप्पल आली, ती कुष्ठरुग्णांना सरकारी आरोग्य केंद्रातून मिळते. बहुविध औषधांनी रोग सहा महिन्यांत किंवा वर्षात बरा होतो, पण गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही. म्हणून रोजचा रिवाज: साध्या पाण्यात वीसेक मिनिटे पाय, घट्टा हलक्या हाताने घासायचा, ओल्या पायाला तेल लावायचे, आणि तळवा आरशात बघायचा.

आता हेच बधिरपण मधुमेह घरोघर आणतो आहे. त्या म्हाताऱ्यांचे पाय कोण बघणार? घरचेच.

गेल्या महिन्यात अम्मीच्या तळव्यात मला बाभळीचा काटा सापडला. दोन दिवस ती त्यावर चालत होती. मी काटा काढला, तर म्हणाली, "मेरेकू तो कुछ मालूमच नै पडा."