तळघरातला बँड

कॉलेजात असताना मित्राकडून कॉपी करून घेतलेल्या कॅसेटवर मी ‘बॉस्टन’ पहिल्यांदा ऐकला. कव्हर नव्हतं, माहिती नव्हती. पाच जण एका खोलीत उभे राहून जीव तोडून वाजवताहेत, असं चित्र मी मनाशी रंगवलं होतं. ते चुकीचं होतं हे कळायला बरीच वर्षं गेली.

१९७६ सालचा हा पहिला अल्बम म्हणजे मुख्यतः एका इंजिनियरचं रात्रपाळीचं काम. टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेला मेकॅनिकल इंजिनियर. दिवसा पोलरॉइड कंपनीत नोकरी. पगारातून त्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या घरात, तळघरात स्टुडिओ उभा केला. गिटार, बास, ऑर्गन असं बरंचसं तोच वाजवायचा, एकावर एक थर चढवायचा. गायचा ब्रॅड डेल्प. कोरससारखे ऐकू येणारे ते आवाज म्हणजे त्याच्याच गळ्याचे थर.

डेमो अनेक कंपन्यांनी नाकारले. शेवटी एपिकनं करार केला, पण सगळं व्यावसायिक स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करायचं म्हणून. शोल्झला तर तळघरातलाच आवाज हवा होता. निर्माता जॉन बॉयलननं यातून वाट काढली. तो बाकीच्यांना घेऊन लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे ‘लेट मी टेक यू होम टुनाइट’ रेकॉर्ड केलं. कंपनीचं लक्ष तिकडे. इकडे शोल्झ तळघरात आपल्याच डेमोंची नव्यानं घडण करत बसलेला.

ऑगस्ट १९७६मध्ये अल्बम आला. ‘मोअर दॅन अ फीलिंग’ बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं, अल्बम तिसऱ्या. पुढे एकट्या अमेरिकेतली अधिकृत विक्री १ कोटी ७० लाखांवर पोचली. जाड तरीही स्वच्छ गिटार आणि गोड सुरावट हे मिश्रण एफएम रेडिओला अगदी मानवलं. समीक्षकांनी मात्र या संगीताला ‘कॉर्पोरेट रॉक’ म्हणून नाक मुरडलं. कॉर्पोरेशनला चकवून केलेल्या अल्बमला!

गंमत म्हणजे यातलं ‘रॉक अँड रोल बँड’ हे गाणं क्लबांतून वाजवत वर आलेल्या बँडची गोष्ट सांगतं. ती गोष्ट कल्पित होती. रेकॉर्ड आधी, बँड नंतर, असाच इथला क्रम.

म्हणून ‘एकट्या माणसानं तळघरात इतिहास घडवला’ ही दंतकथा मला आवडते, पण पुरती पटत नाही. डेल्पचा गळा नसता तर ती रचना नेटकी पण कोरडी राहिली असती. बॉयलननं कंपनीला तिकडे गुंतवून ठेवलं नसतं तर तळघरातला आवाज तळघरातच राहिला असता. महिन्याचा पगार नसता तर तळघरही नसतं.

आणि ज्या काटेकोरपणानं हा अल्बम दिला, त्यानंच पुढचे अडवले. दुसरा १९७८मध्ये आला. तो घाईत काढावा लागला ही शोल्झची तक्रार. तिसरा थेट १९८६मध्ये. मधली वर्षं रेकॉर्ड कंपनीशी कोर्टात भांडण्यात गेली.

२००७ साली डेल्प गेला. आता ती गाणी ऐकताना पाच जणांची खोली दिसत नाही. दोघं दिसतात: एक टेप मागे घेतोय, दुसरा तीच ओळ पुन्हा गायला माइकसमोर उभा आहे. बँड म्हणायला मला तेवढं पुरतं.