दादाची टी.सी.

आयुष्यभर मास्तरकी केल्यामुळं ‘टी.सी.’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं शाळा सोडल्याचा दाखला उभा राहतो. त्यामुळं २०२२ साली एका रात्री बर्मिंगहॅमहून पुतण्याचा फोन आला आणि तो म्हणाला, “काका, बाबांसाठी एक टी.सी. पाठवतोय. तेवढं कागदपत्रांचं तुम्ही बघा,” तेव्हा मी घाबरलोच. आमचा दादा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. या वयात त्याचं नाव कुठल्या शाळेत घालायचं ठरलंय, हे मला कळेना.

खुलासा झाला तेव्हा घाबरण्याचं कारण वाढलं. टी.सी. म्हणजे दाखला नव्हे, मोटार. एम.जी. कंपनीची १९४८ सालची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. लाल रंगाची. ती बोटीनं न्हावाशेवाला उतरणार आणि तिथून कसारा घाट चढून, घोटीवरून बारीमार्गे आमच्या राजूरला येणार. राजूरला येण्यासाठी माणसाला कारण लागतं. कुणी भंडारदऱ्याचं धरण बघायला येतं, कुणी कळसूबाई चढायला, कुणी नुसते पेढे न्यायला. पण इंग्लंडातून कायमच्या वास्तव्याला आलेली ही पहिलीच.

आता हा उपद्व्याप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी १९६९ सालात जावं लागेल. दादा तेव्हा एस.टी.त मिस्त्री होता. सुट्टीला घरी आलेला असताना भंडारदऱ्याला धरणाजवळ त्याला मुंबईच्या कुणा हौशी गृहस्थाची लाल मोटार बंद पडलेली दिसली. एस.टी.चा मिस्त्री आणि बंद पडलेलं वाहन यांची गाठ पडली की पुढचं विधिलिखितच असतं. दादानं बॉनेट उघडलं, कान लावला आणि पेट्रोलच्या पंपावर पान्यानं दोन टिचक्या मारल्या. मोटार चालू झाली. गृहस्थ इतके खूश झाले, की त्यांनी राजूरपर्यंत मोटार दादाला चालवायला दिली.

बास. एवढीच गोष्ट. पण ही एवढीच गोष्ट आम्ही पुढं पन्नास वर्षं ऐकली. दादाच्या लग्नात ऐकली, बारशात ऐकली, वहिनी गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या माणसांतही कुणीतरी काढली. पुतण्या तर या गोष्टीवरच वाढला आणि मोठा होऊन इंजिनिअर झाला. दादाचं म्हणणं होतं, संगमनेरला गॅरेज टाकू. त्यानं १९९८ साली इंग्लंड गाठलं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं म्हणजे तारखात्याचा मजकूर. “कसे आहात?” “बरं आहे.” “पाऊस?” “आहे.” संपलं. वर्षानुवर्षं मी दोघांच्या मध्ये टपाल कचेरीसारखा बसलेला.

तर मोटार. आधी तिचं घराणं सांगतो, कारण स्थळ आलं की आपल्याकडं घराणं बघतात. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डच्या मोटारींच्या दुकानात सेसिल किंबर नावाचा एक व्यवस्थापक होता. साध्यासुध्या मॉरिस मोटारींना तो १९२० च्या दशकात नखरेल कपडे चढवू लागला आणि त्यातून हे घराणं निघालं. या किंबरचं नशीब बघा. आयुष्य मोटारींत घालवलं आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये गेला तो लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या रेल्वे अपघातात. त्याच वर्षी टी.सी. निघाली. १९४९ पर्यंत अशा सुमारे दहा हजार झाल्या. १२५० सी.सी.चं इंजिन, ५४ घोड्यांची ताकद, तारांची एकोणीस इंची चाकं आणि आडवी पाडता येणारी पुढची काच. अमेरिकेत गेलेल्यांचंसुद्धा सुकाणू उजवीकडंच राहिलं. समोरच्याची बाजू न बघता स्वतःची धरून बसणं हा खास इंग्रजी बाणा!

दादानं हा इतिहास मुकाट्यानं ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, “साल कुठलं?”

“अठ्ठेचाळीस.”

“म्हणजे आपल्या एस.टी.च्या वयाची,” तो म्हणाला आणि स्थळ पसंत पडलं. एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर १ जून १९४८ ला धावली, हे दादाला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ आहे.

पण पसंती दादाची असून भागत नाही, सरकारची लागते. मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटा हे पहिल्या हिंदी मालकांपैकी एक. तेव्हा पैसे असले की मोटार येई. १९२८ पासून तर जनरल मोटर्स मुंबईतच सुटे भाग जोडून मोटारी काढू लागली. पुढं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. स्वातंत्र्यानंतर सरकारनं धोरण ठरवलं, की इथं मोटार बनवायची असेल तर हळूहळू तिचे भागही इथंच बनवा. हे न मानवलेल्या परदेशी कंपन्या १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गाशा गुंडाळून गेल्या. धोरण देशाच्या हिताचंच होतं, पण त्यात शौकाला जागा नव्हती. फियाट किंवा अँबॅसेडर, आणि तीही नंबर लागेल तेव्हा. दोन माणसांची उघडी मोटार मागणं म्हणजे रेशनच्या दुकानात बासुंदी मागण्यासारखं होतं.

परदेशी मोटारीची जकात हे प्रकरण तर आपल्या सचिन तेंडुलकरलाही चुकलं नाही. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची त्यानं बरोबरी केली म्हणून २००२ साली सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी मिळाली. तिच्यावरची जकात झाली सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारनं ती माफ केली, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी रक्कम फियाट कंपनीनं भरली. आमच्या घराण्यात शतक फक्त आजीनं मारलं होतं, तेही वयाचं. तेव्हा माफीचा प्रश्नच नव्हता. मोटारीपेक्षा जकात मोठी झाली आणि पुतण्यानं ती मुकाट भरली.

त्यात एक गंमत कळली. तेव्हाच्या नियमानं तीन वर्षांहून जुनी परदेशी मोटार सहसा आणता येत नसे, पण १९५० पूर्वी बनलेली असेल तर खुशाल येई. म्हणजे चार वर्षांची नको, चौऱ्याहत्तर वर्षांची चालेल! आपल्या देशात वृद्धांना मान आहे तो असा.

मोटार आली ती आषाढात. राजूरचा आषाढ म्हणजे घरात छत्री घेऊन बसायचे दिवस. आठ दिवसांत तिच्या कातडी बैठकीवर बुरशी चढली. आत बघितलं तर पत्र्याखाली चक्क लाकडाचा सांगाडा, आणि डाव्या दाराजवळ तो कुजलेला. गावातल्या सुतारानं टोचून बघितलं आणि म्हणाला, “मास्तर, ही मोटार न्हाई, बैलगाडीच हाय. बैल तेवढं आत कोंडल्यात.” लाकूड विलायती अ‍ॅशचं. त्यानं कुजका तुकडा नमुन्याला धरून सागवानाचा हुबेहूब तुकडा बसवला. इंग्लंडचा कारागीरही त्यात आमचं सह्याद्रीचं लाकूड शोधू शकणार नाही.

खरा घोळ इंजिनात होता. गावातल्या तरुण मेकॅनिकनं नवे पाने लावून बघितले, एकही बसेना. दादानं मग पलंगाखालची ट्रंक ओढली आणि जुने व्हिटवर्थ मापाचे इंग्रजी पाने काढले. (हे आपण जुन्या बाजारात स्वतःच्या पैशानं घेतले, एस.टी.चे नव्हेत, असं तो न विचारता सांगतो.) ते पाने बसले. पण बोल्ट बदलायला गेलो तर इंग्रजी बोल्ट आत जाईना! कारण असं, की मॉरिसनं १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा जो इंजिनाचा कारखाना विकत घेतला, तो मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. तिथली यंत्रं मिलिमीटरचे आटे पाडायची. साहेबानं आटे तसेच ठेवले आणि वरची डोकी मात्र इंग्रजी मापाची केली, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरातले पाने चालावेत. डोकं इंग्रजी आणि आटे फ्रेंच! अशी माणसं मी पाहिली होती, बोल्ट पहिल्यांदा पाहिला.

हे आम्हाला कुणी सांगितलं? पुतण्यानं. आणि कुणाला? मला नव्हे, दादाला. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तर दादा ओसरीवर मोबाइल तोंडापुढं धरून ओरडत होता, “अरे, पण बॅटरीचा प्लस बॉडीला कसा लावायचा? उलटं होतंय सगळं!” आणि तिकडून, “बाबा, तिचं तसंच आहे. उलटंच सुलटं!” वायरमननं दुपारी आपल्या रिवाजानं मायनस बॉडीला लावला होता आणि अँमीटरचा काटा उलटा पळाला होता. दोघं पाऊण तास बोलले. चोवीस वर्षांत मिळून एवढं बोलले नसतील. मी पाणी न पिताच परत जाऊन झोपलो. टपाल कचेरी त्या रात्री बंद झाली.

मोटार चालू झाली, पण रस्त्यावर आणायला नंबर हवा. मोटारीला नंबर टांगायची टूम पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये काढली. इंग्लंडात १९०४ पासून नंबर आले. आपल्याकडं १९१४ चा कायदा, मग १९३९ चा, मग १९८८ चा. हा शेवटचा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि एम.एच.ची मालिका सुरू झाली. नगरला १६, श्रीरामपूरला १७. आमचा अकोले तालुका सतरात. पण पन्नास वर्षांवरच्या जुन्या मोटारींसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रानं वेगळा नियम काढला. फी वीस हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि मूळ सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. सुताराला मी मनातल्या मनात पुन्हा एकदा नमस्कार केला.

अर्ज घेऊन मी ज्या कचेरीत गेलो तिचं नाव सांगत नाही. खिडकीतल्या तरुणानं अत्यंत अदबीनं विचारलं, “काका, कंपनी?”

“एम.जी.”

“मॉडेल? हेक्टर का?”

“हेक्टर कसली,” मी म्हणालो, “अर्ध्या गुंठ्यातसुद्धा चार मावतील.”

चूक त्याची नव्हती. एम.जी. हे नाव आता चिनी कंपनीच्या मालकीचं आणि हेक्टर ही त्यांची २०१९ पासून आपल्याकडं दिसणारी मोठी मोटार. मी म्हणालो, “टी.सी.” तो म्हणाला, “टी.सी. नको काका, आयातीचे कागद द्या.” इथं मात्र मला माझा धंदा आठवला आणि भरून आलं.

पुढं तपासणी. चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, की नंबर उमटतो. आमच्या नंबरावर रंगाचे इतके थर, की दादा दोन दिवस पॉलिशपेपर घेऊन बसला. अखेर ‘टीसी’ ही अक्षरं उमटली तेव्हा तो कागद त्यानं सोनोग्राफीसारखा सगळ्या गल्लीला दाखवला. तपासणीच्या दिवशी साहेब म्हणाले, “चालू करा.” मोटार गप्प. पुन्हा बटण ओढलं, पुन्हा गप्प. माझे वीस हजार डोळ्यांपुढं तरळले. दादा शांतपणे उठला, बॉनेट उघडून कान लावला. पंपाची टिकटिक बंद होती. त्यानं पान्याच्या मुठीनं दोन टिचक्या मारल्या. टिक, टिक, टिक. इंजिनानं खाकरून घसा साफ केला आणि सुरू झालं.

साहेब हसले. “आजोबा, कुठं शिकलात?”

“भंडारदऱ्याला,” दादा म्हणाला, “एकोणसत्तर साली.” आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यानं पुढची गोष्ट सांगितली नाही. सांगायची गरजच राहिली नव्हती.

नंबर आला तेव्हा आम्ही राजूरचे पेढे वाटले. ‘व्हीए’ म्हणजे काय, असं गल्लीनं विचारलं तर दादा म्हणाला, “वयस्कर.” नोंदणी दहा वर्षांची आहे हे मी वाचून दाखवलं, तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “हिला दहा दिली. मला डॉक्टरनं एकसुद्धा लिहून दिलं नाही.” कारण खरी गोम तिथंच होती. दादाच्या डोळ्यांना डॉक्टरांनी सही नाकारली होती. त्याचं लायसन्स संपलेलं होतं. ज्या मोटारीसाठी वर्षभर राबला, ती त्याला चालवता येणार नव्हती आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी म्हणालो, “मेकॅनिकचा पोरगा चालवील.”

“छट्,” दादा म्हणाला, “हिला विलायतेचाच ड्रायव्हर लागतो.”

नियमानं ही मोटार रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, जुन्या मोटारींच्या रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यालाच परवानगी. राजूरला रॅली कुठून येणार? पण पेट्रोल लागतंच. आणि अकोल्याच्या पंपावरचंच पेट्रोल हिला मानवतं, असं दादाचं ठाम शास्त्रीय मत आहे.

म्हणून आमचा पुतण्या, जो पूर्वी चार-चार वर्षं फिरकत नसे, तो आता वर्षातून दोनदा बर्मिंगहॅमहून पेट्रोल भरायला येतो. तो सुकाणूवर, दादा डावीकडं कानटोपी घालून. मोटारीच्या फळीवर एक हिरवा दिवा आहे. तीस मैलांच्या मर्यादेची आठवण ठेवावी म्हणून साहेबानं तो बसवला. वीस ते तीस मैलांच्या दरम्यान तो लागतो. आमच्या रस्त्यावर तो सहसा विझत नाही. दादाला डोळ्यांनी आता स्पष्ट दिसत नाही, पण तेवढा हिरवा ठिपका दिसतो म्हणतो.

मी फाटकात उभा राहून त्यांना निरोप देतो. मोटारीत जागा दोघांचीच आहे.