जपानचे युद्धकालीन रडार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) जपानच्या भूसेनेने व नौदलाने रेडिओ तरंगांच्या साहाय्याने विमाने व जहाजे हुडकण्यासाठी विकसित केलेली उपकरणे. वस्तूवर आदळून परतणाऱ्या तरंगांवरून तिचे अंतर व दिशा ठरविणे, हे रडारचे तत्त्व होय [⟶ रडार]. जपानजवळ मूलभूत संशोधन नव्हते, म्हणून तो या क्षेत्रात मागे पडला, असे पुष्कळदा समजले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे.

सेंदाई येथील तोहोकू शाही विद्यापीठात हिदेत्सुगू यागी व शिंतारो उदा यांनी १९२६ च्या सुमारास एक दिशिक आकाशक तयार केला. एका क्रियाशील दांड्याच्या मागेपुढे, त्याला समांतर असे धातूचे साधे दांडे ठेवले असता तरंग एका दिशेत एकवटतात, असे त्यात आढळून आले. यागी यांचा इंग्रजी निबंध १९२८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला व पश्चिमेकडील अभियंत्यांनी आकाशकाची उपयुक्तता ओळखली. दूरचित्रवाणीसाठी पुढे भारतातील घरांच्या छपरांवर दिसू लागलेला दांड्यांचा सांगाडा म्हणजे हाच आकाशक होय. त्याच विद्यापीठातील किंजिरो ओकाबे यांनी १९२७ च्या सुमारास विभाजित धनाग्राचा मॅग्नेट्रॉन बनविला. नौदलाच्या संशोधन संस्थेतील योजी इतो आणि निप्पॉन मुसेन या कंपनीत काम करणारे त्यांचे बंधू शिगेरू नाकाजिमा यांच्या प्रयत्नांतून १९३९ मध्ये १० सेंमी. तरंगलांबीवर सु. ५०० वॉट शक्ती देणारा, पाण्याने थंड ठेवलेला पोकळी मॅग्नेट्रॉन सिद्ध झाला. बर्मिंगहॅम येथील रँडल व बूट यांच्या सुप्रसिद्ध मॅग्नेट्रॉनची पहिली चाचणी फेब्रुवारी १९४० मधील आहे. मात्र ब्रिटनने आपली नलिका त्याच वर्षी अमेरिकेच्या हाती दिली व तीभोवती मॅसॅचूसेट्समध्ये एक मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. जपानी नलिका गुप्ततेच्या कोशात राहिली. खुद्द भूसेनेलाही तिचा लाभ झाला नाही.

भूसेनेचे पहिले साधन खऱ्या अर्थाने रडार नव्हते. एका ठिकाणी प्रेषक व दूर दुसऱ्या ठिकाणी ग्राही ठेवीत. मधून विमान गेले की संकेतात चढउतार होई. अशी सर्वांत लांब साखळी फॉर्मोसा व शांघाय यांच्या दरम्यान सु. ६५० किमी. अंतराची होती. विमान त्या रेषेवर नेमके कोठे आहे, हे मात्र तीवरून कळत नसे. १९४१ मध्ये जर्मनीला गेलेल्या लष्करी मंडळांना स्पंद-रडारची माहिती मिळाली. इतो यांच्या अहवालानंतर नौदलाने तातडीने काम हाती घेतले व ३ मी. तरंगलांबीचा पहिला संच नोव्हेंबर १९४१ मध्ये चिबा प्रांतातील कात्सुऊरा येथे उभारला.

सिंगापूर फेब्रुवारी १९४२ मध्ये पडल्यावर तेथे एका ब्रिटिश सैनिकाची टिपणवही सापडली. तीत वारंवार येणारा ‘यागी’ हा शब्द जपानी अधिकाऱ्यांना उलगडेना. अखेर त्यांनी युद्धकैद्यालाच विचारले, तेव्हा ते तुमच्याच एका प्राध्यापकाचे नाव आहे, असे उत्तर मिळाले. ही हकीकत जपानी तंत्रज्ञांनीच युद्धानंतर सांगितली आहे. सिंगापूर व कोरेगिडोर येथे हाती लागलेल्या संचांवरून भूसेनेने तोफा व शोधदीप यांच्या नियंत्रणाची रडारे बनविली.

नौदलाची अडचण वेगळी होती. रात्रीच्या लढाईसाठी कसून तयार केलेले टेहळे व उत्तम दुर्बिणी यांवर त्याचा भरवसा होता आणि तरंग सोडणे म्हणजे आपला ठावठिकाणा शत्रूस कळविणे, अशी अधिकाऱ्यांची धारणा होती. ९ ऑगस्ट १९४२ रोजी साव्हो बेटाजवळ चार दोस्त क्रूझर बुडाल्या. तेथे पहाऱ्यावरील अमेरिकन विनाशिकांवर रडार असूनही जपानी जहाजे त्यांना दिसली नव्हती. अशा यशाने जुनी धारणा पक्की झाली, हे नवल नव्हे. परंतु १४–१५ नोव्हेंबरच्या रात्री ‘वॉशिंग्टन’ या युद्धनौकेने सु. ८ किमी. वरून रडारच्या आधारे मारा करून ‘किरिशिमा’ निकामी केली व ती बुडाली. मिडवेच्या मोहिमेपूर्वी, मे १९४२ मध्येच, ‘इसे’वर १·५ मी. चा व ‘ह्यूगा’वर १० सेंमी. चा संच बसविला होता. पण या नौका अल्यूशनकडील बाजू राखणाऱ्या दलात ठेवल्या गेल्या. आघाडीच्या चारही विमानवाहू जहाजांवर रडार नव्हते. टॉर्पेडो-विमाने परतविण्यासाठी लढाऊ विमाने खाली उतरली असता वरून आलेल्या बाँबफेकी विमानांची चाहूल लागली नाही आणि चारही जहाजे गमावली गेली.

दोन्ही दलांचे वैर हे मात्र सर्वांत महागात पडले. त्यांचे संच, नलिका व नावेसुद्धा वेगळी होती; भूसेनेचे ‘ताची’ हे नाव तामा येथील तिच्या संशोधन संस्थेवरून आले. धातूंचा तुटवडा, निर्वात नलिकांचा कमी दर्जा व कुशल कारागिरांची सैन्यभरती यांमुळे उत्पादन रखडले. १० सेंमी. संचाचा अस्थिर ग्राही स्फटिक शोधकामुळे १९४४ मध्ये सुधारला, तोवर जपानच्या आरमाराचा मोठा भाग बुडाला होता. यागी यांची शासनाच्या तंत्रविद्या मंडळाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली तीही डिसेंबर १९४४ मध्ये.

मेरियाना बेटांवरून बी-२९ विमानांचे हल्ले नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू झाले. किनाऱ्यावरील रडारांना ती विमाने दुरून दिसत. परंतु अमेरिकेने व्यत्यय-प्रेषक व धातूच्या पट्ट्या वापरून तोफांची रडारे निष्प्रभ केली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हीरोशीमात सकाळी ७ वाजून ९ मिनिटांनी हवामान-पाहणीच्या विमानामुळे इशारा झाला व ७ वाजून ३१ मिनिटांनी तो उठविण्यात आला. नंतर आलेल्या तीनच विमानांचा हल्ला होईल, असे कोणास वाटले नाही. ८ वाजून १५ मिनिटांनी बाँब पडला.

युद्धाच्या अखेरच्या काळात नौदलाने शिझुओका प्रांतातील शिमादा येथे प्रबळ मॅग्नेट्रॉन बनवून विमाने पाडणाऱ्या किरणांचा निष्फळ प्रयोगही चालविला होता. त्यात गुंतलेल्या शास्त्रज्ञांत पुढे १९६५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारे शिनिचिरो तोमोनागा होते. मॅग्नेट्रॉनच्या सिद्धांताबद्दल त्यांना मासाओ कोतानी यांच्याबरोबर १९४८ मध्ये जपान अकादमीचे पारितोषिक देण्यात आले.