भिंतीला टेक्स्चर कसे करतात आणि ते बिघडते कुठे?

सपाट रंगाऐवजी डोळ्याला किंवा हाताला जाणवेल असा पोत भिंतीवर उमटवणे म्हणजे टेक्स्चर फिनिश. दुकानातल्या कॅटलॉगमध्ये त्याची असंख्य नावे असतात, पण घरी करण्यासारखे प्रकार मुळात दोनच. पहिल्यात पोत फक्त दिसतो. एका रंगाचा थर सुकला की त्यावर दुसरा रंग स्पंजने किंवा चुरगळलेल्या कापडाने टिपतात. दुसऱ्यात पोत खरोखर उठावाचा असतो. दाट पेस्ट थापीने किंवा रोलरने चढवतात आणि ती ओली असतानाच तिच्यावर ब्रश, दातेरी पट्टी किंवा थापी फिरवून नक्षी काढतात. कल्पना नवी नाही. शेणामातीने सारवताना हात फिरेल तशी उमटणारी अर्धवर्तुळे हेही टेक्स्चरच.

या दोन प्रकारांत निवड करण्यापूर्वी चूक निस्तरायला काय लागेल ते पाहावे. स्पंजचे काम आवडले नाही, तर वरून साध्या रंगाचे दोन हात मारले की विषय मिटतो. उठावाचा पोत रंगाखाली लपत नाही. पुट्टी भरून तो सपाट करावा म्हटले, तर व्हाइट सिमेंट पुट्टीचा एकूण थर साधारण दीड मिलिमीटरच्या पुढे गेला की तडे पडू लागतात. म्हणजे शेवटी भिंत खरवडणे आले. त्यामुळे नवशिक्याने स्पंजपासून सुरुवात करावी. भाड्याच्या घरात तर उठावाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

भिंत तयार आहे का?

टेक्स्चरखाली भिंतीचे सगळे दोष झाकले जातात, हा समज अर्धाच खरा आहे. बारीक खाचा आणि गिलाव्यातला थोडाफार उंचसखलपणा लपतो. ओल आणि सुटत आलेला जुना रंग लपत नाही. दाट पेस्ट वजनदार असते आणि ती धरून राहते जुन्या थराला. तो थर सुटला की पेस्टसकट पापुद्रा खाली येतो.

जुना थर तपासणे सोपे आहे. भिंतीवरून ओले कापड फिरवावे. रंग कापडावर उतरला तर खाली चुना किंवा कोरडे डिस्टेंपर आहे, आणि ते खरवडून काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रंग उतरला नाही, तर ब्लेडने फुलीचा छेद देऊन त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे निघाले, तर तो भागही खरवडावा.

ओलीसाठी फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले किंवा भिंत काळपट दिसली, तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर दमटपणा खोलीतल्या हवेचा आहे. कोकणात आणि मुंबईत ही चाचणी टाळू नये. दिवाळीच्या आधी घर रंगवायची घाई असते आणि पावसाचा मारा झेललेली बाहेरची भिंत तोवर पुरती वाळलेली नसते. अशी एखादी भिंत डिसेंबर-जानेवारीपर्यंत राखून ठेवलेली चांगली. गळका पाइप किंवा बाहेरची भेग असेल तर आधी तिची दुरुस्ती करावी. नव्या गिलाव्याला साधारण चार आठवडे द्यावेत.

घासकाम करताना एक धोका आहे. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः ऑइल पेंटमध्ये, शिसे असू शकते. असा थर कोरडा घासू नये. पाणी मारत घासावा, चांगला मास्क वापरावा आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

काम करताना

भिंत साफ झाली की प्रायमर आणि तळाचा रंग. तो रात्रभर सुकू द्यावा. पोताचा पहिला प्रयोग भिंतीवर न करता प्लायच्या दोन-तीन फुटी फळीवर करावा. फळी भिंतीशी उभी ठेवून सकाळी आणि रात्री दिव्याखाली पाहावी, कारण बाजूने पडणाऱ्या उजेडात उठाव दुप्पट भासतो.

स्पंजच्या कडा तोडून ओबडधोबड कराव्यात. सरळ कडा राहिली तर भिंतीवर चौकोनी ठसे दिसतात. रंगात बुडवल्यावर आधी रद्दी कागदावर टिपून घ्यावा आणि प्रत्येक ठशाला मनगट थोडे वळवावे.

उठावाच्या कामात सगळी कसोटी ओल्या कडेची. सुकलेल्या कडेला नवी पेस्ट भिडली की जोड कायमचा दिसतो. म्हणून एका माणसाने पेस्ट लावत जावे आणि दुसऱ्याने मागोमाग नक्षी काढावी, एका वेळी दोन-तीन फूट रुंदीचा पट्टा. पंखा बंद ठेवावा. विदर्भातल्या एप्रिलमध्ये हे काम पहाटे केलेले बरे. एक भिंत एकाच बैठकीत संपवावी आणि जेवणाची सुट्टी कोपऱ्यावर पोहोचल्यावरच घ्यावी. कडेची मास्किंग टेप पेस्ट ओली असतानाच काढावी, नाहीतर कडा तुटते.

साहित्याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. 10 फूट बाय 10 फुटांच्या भिंतीवर सरासरी एक मिलिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे नऊ लिटर पेस्ट लागते. खर्च वाचवायला रंगात वाळू मिसळतात. तेव्हा ती बारीक, धुतलेली आणि चाळलेली असावी. समुद्राची वाळू वापरू नये. तिच्यातल्या मिठाने भिंत ओल धरते.

स्वयंपाकघरात ओट्यामागे उठावाचे काम करू नये. तेलकट थर खाचांत बसला की पुसून निघत नाही. अरुंद बोळातही कोपरे खरचटतात. दिवाणखान्यातली एकच भिंत, तीही ज्या भिंतीला सामान टेकवले जात नाही अशी, एवढ्यावर भागवणे शहाणपणाचे.

उरलेली पेस्ट आणि रंग घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत ठेवावा आणि नमुन्याची फळीही जपावी. खिळा उपटल्यावर पडलेले भोक भरताना हात कसा फिरवला होता, ते तिच्यावरूनच आठवते.